दोन नळ्या, एकच रक्त

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात मी माझ्या वाटणीचं अंघोळीचं पाणी एका कॉम्प्युटरसाठी खर्च करत होते. आमची नांदेडची प्रयोगशाळा म्हणजे एका किराणा दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. कॉम्प्युटर तापला की आपोआप बंद पडायचा आणि दोन दिवसांचं काम वाया जायचं. म्हणून खिडकीतल्या कूलरमध्ये रोज एक बादली ओतायची. खालच्या मालकीणबाई जिन्यातच अडवायच्या. "माणसं कोरडी अन् मशीन ओली. लई शिकल्यावर असंच व्हतंय बघ पोरी." त्यांचं चुकत नव्हतं, पण मी ऐकत नव्हते.

काम असं होतं. किनवटच्या जंगलपट्टीत सिकलसेल पुष्कळ. रक्तातल्या तांबड्या पेशी वाकड्या होतात, हाडं-सांधे दुखतात, आणि हे आई-बापांकडून येतं. तिथल्या आश्रमशाळेच्या वसतिगृहातल्या मुलींचं रक्त आम्ही घ्यायचो. साधी तपासणी दोन दिवसांत व्हायची, तिचं कार्ड मुलीला मिळायचं आणि त्यावर तपासणारी म्हणून माझी सही असायची. त्याच नळीतलं थोडं रक्त पुढं बाहेरगावी जायचं. तिथं डीएनए वाचला जायचा आणि तीन-चार महिन्यांनी हार्ड डिस्कवर भरून आमच्याकडं यायचा. एकीला हा आजार फार छळतो, दुसरीला कमी, तिसरीला होतच नाही, ते का, हे आम्हाला शोधायचं होतं.

डिस्कवर यायचे ते कोट्यवधी तुकडे. एकाच पोथीच्या शंभर प्रती टराटरा फाडून पोत्यात भराव्यात, तसे. ते जागच्या जागी लावणारं एक सॉफ्टवेअर, कुठलं अक्षर बदललंय ते सांगणारं दुसरं, आणि कोणता नमुना कोणाच्या नात्यातला हे ताडून बघणारं तिसरं. सगळी फुकट मिळणारी, काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून चालवायची. मी हदगावच्या एसटी कंडक्टरची मुलगी. मला ती कुणी शिकवली नव्हती, चुका करून करून शिकले होते, त्यामुळं जरा गर्वच होता. नात्याचं सॉफ्टवेअर मला सगळ्यात आवडायचं. सख्खी कोण, चुलत कोण, सगळं बिनचूक ओळखायचं. सोयरिकी जुळवणाऱ्या म्हाताऱ्यांनाही इतकं जमत नाही.

त्या एप्रिलमध्ये त्यानं सांगितलं की एकेचाळीस आणि त्रेपन्न या नळ्यांतलं रक्त एकाच मुलीचं आहे. वहीत मात्र नावं दोन, गावं दोन. जुळ्या म्हणाव्यात तर वयात दोन वर्षांचं अंतर. दोघींच्याही कार्डावर 'आजार नाही'.

प्रयोगशाळा चालवणारे आमचे सर म्हणाले, "लेबल चुकलं असेल. एक काढून टाका अन् पुढं चला. मागच्या वर्षी नव्हती का निघाली अशी एक जोडी?"

निघाली होती. मीच एका हुकमात त्यातली एक पुसली होती. पण यंदाची लेबलं मी स्वतः चिकटवली होती, आणि माझी चूक झाली असं कुणी म्हटलं की मला झोंबतं. खरं सांगायचं तर किनवटला जायचं ठरवलं ते मुलींच्या काळजीनं नाही, माझं लेबल बरोबर होतं हे दाखवायला. आधी कूलरमध्ये दोन बादल्या ओतून सगळं पुन्हा चालवलं. उत्तर तेच आलं. मग दोन्ही वर्षांच्या वह्या पिशवीत घातल्या आणि नांदेडहून किनवटची रेल्वे धरली.

वसतिगृहाच्या मॅडमनी दोघींना बोलावलं. एक लांब वेणीची, धीट. दुसरी सावकाश चालणारी, तिचे डोळे पिवळसर. मी विचारलं तेव्हा वेणीवालीच पुढं झाली.

"म्याच दिलं दोनदा," ती म्हणाली. "हिचं अंग दुखून राहिलं होतं, ही निजली होती. हिचा झाडायचा नंबर आला तरी म्याच झाडते. पाण्याच्या रांगेत बी म्याच उभी राहते."

दुसऱ्यांदा तिनं डावा हात पुढं केला होता. आम्ही नाव पुकारायचो आणि जी येईल तिचं रक्त घ्यायचो; चेहरे कुठं ओळखत होतो? तिला यात काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. एकीचं दुखलं-खुपलं तर तिचं काम दुसरीनं करायचं, ही तिथली रीत. रक्त देणं हेही तिच्या लेखी त्यातलंच एक काम.

मला तिचा राग आला नाही. जिचं अंग दुखतं तीच निजून राहणार आणि तिच्याच जागी दुसरी येणार. म्हणजे जिला आम्ही शोधत होतो, नेमकी तीच आमच्या नळीत नव्हती. आणि मागच्या वर्षीची जोडी?

वहीतली ती दोन नावं मी मॅडमना वाचून दाखवली. एक मुलगी शाळेतच होती. तिनंही मान डोलावली, हो, मैत्रिणीच्या बदली तिनंच दिलं होतं. मैत्रीण दिवाळीला घरी गेली ती परत आलीच नव्हती.

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरबाईंनी पिवळ्या डोळ्यांच्या मुलीचं रक्त घेतलं आणि त्या परत न आलेल्या मैत्रिणीच्या गावाला जायला त्या माझ्याबरोबर जीपमध्ये बसल्या. वाटेत जीपवाला सांगत होता, "किनवट जिल्हा होनार हाय. मंग दवाखान्यासाठी नांदेड गाठायला नको, समदं हितंच."

"माझ्या लग्नाच्या आधीपासून होऊन राहिलाय तो जिल्हा," सिस्टरबाई म्हणाल्या. एरवी मी हसले असते.

नंतर पिवळ्या डोळ्यांची आणि ही मैत्रीण, दोघींची तपासणी आली. दोघींनाही आजार होता, दोघींच्या गोळ्या सुरू झाल्या. पण ते चार दिवसांनी. त्या दुपारी आम्ही पोचलो तेव्हा अंगणात मोहफुलं वाळत घातली होती आणि एक मुलगी बसूनच ती पसरत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिची आई आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड घेऊन आली.

"हे बघा, जपून ठिवलंय. तुमीच दिलं न्हवं? ही रोज म्हनती, गुडघे दुखून राहिले. म्या म्हनते, कार्डात न्हाई लिवलंय, सोंग करू नको."

खाली माझी सही होती, चांगली वळणदार. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"बाई, हे कार्ड हिचं नाही," मी म्हणाले. "रक्त हिचं नव्हतंच. मागच्या वर्षीच मला कळायला पाहिजे होतं, मी बघितलं नाही. चूक माझी आहे."

आईला ते लगेच उमगलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगितलं. मुलीला मात्र पहिल्या सांगण्यातच कळलं होतं. ती गुडघ्यावर हात टेकून हळूहळू उठली, सिस्टरबाईंपुढं आली आणि हात पुढं करून म्हणाली, "घ्या."

मी कार्ड परत मागितलं. आईनं ते दिलं नाही. ती लेकीच्या गुडघ्यांकडं बघत होती.