हरून आल्यावर घरी काय करतो?

परदेशातल्या मोठ्या फुटबॉल क्लबांत खेळाडू निवडून आणायला एक स्वतंत्र प्रमुख असतो आणि त्याच्या हाताखाली बरीच माणसं असतात, असं मी अलीकडे वाचलं. मलकापुरातल्या आमच्या क्लबात ते काम माझे यजमान करत. त्यांना पद नव्हतं, पगार तर नव्हताच. घरात मी त्यांना ‘वधूवर सूचक मंडळ’ म्हणत असे. त्यावर ते म्हणायचे, “हासू नोको. काम तेच हाय. फक्त पंगत नाई.”

ते रेल्वेत होते, मी शाळेत ग्रंथपाल. रविवारी ते एखाद्या गावी खेळाडू पाहायला निघाले की मी पिशवीत पुस्तक टाकून सोबत जायची. ते मैदानाच्या कडेला, मी लिंबाखाली. मॅच संपली की मात्र पुस्तक मिटावं लागे, कारण मग ते त्या मुलाच्या घरी जात आणि मला बरोबर नेतच. बाईमाणूस सोबत असलं की घरातल्या बायका बाहेर येऊन बसतात, आणि खरी माहिती त्यांच्याकडेच असते, असं त्यांचं मत होतं.

चहा आला की ते आधी आपल्याच क्लबाच्या खोडी सांगत. मैदानात खडे आहेत, गुडघे फुटतात. अध्यक्ष ओरडतात. पहिल्या मॅचला खेळवूच असं नाही. सोयरिकीत खोड मागून कळली तर माणूस परत जातो, म्हणून ती पहिल्या चहालाच सांगून टाकायची. मग निघताना, पायात चप्पल सरकवत, सहज विचारल्यासारखा एकच प्रश्न: “हारून आला का घरी काय करते हा?”

एका गावात वाऱ्यासारखा पळणारा एक मुलगा होता. त्याची बहीण म्हणाली, “काई नाई करत. कोणाकोणामुळं हारलो ते सांगत बसते.” परतीच्या वाटेवर यांनी त्या मुलाचा विषयही काढला नाही.

गेल्या आषाढात हे गेले. त्यानंतर दर रविवारी मी पुस्तक घेऊन बसे आणि तेच पान वाची. वर पाहिलं तर समोर मैदान नसे.

दिवाळीनंतर क्लबाचे अध्यक्ष घरी आले. कापसाचे व्यापारी, मार्केटात त्यांचा आवाज दुसऱ्या टोकाला ऐकू जातो. यांच्या फोटोसमोर बसून ते इतकं हळू बोलले की मला खुर्ची पुढं ओढावी लागली. आमचा गोलकीपर नोकरीनिमित्त नागपूरला गेला होता आणि टूर्नामेंट तोंडावर आली होती.

“वहिनी, तुमी त्यायच्यासंगं गावोगाव फिरल्या. दोन पोट्टे नजरेत हायेत. गोलकीपर नाई भेटला तर औंदा टीम उतरतच नाई.”

“मला फुटबॉलमधलं काय कळतं?”

“मले तरी कुठं कळते? पण त्यायनं आणलेला पोट्टा टिकायचा.”

पहिला मुलगा मोताळ्याचा. उंच, देखणा, अध्यक्षांना आधीच आवडलेला. त्याच्या आईनं चिवडा पुढं ठेवला आणि मी खाली मान घालून आमच्या क्लबाच्या खोडी सांगायला लागले. अध्यक्षांना चहाचा ठसका लागला.

“वहिनी, सांगून काय राह्यल्या तुमी!”

निघताना मी यांचाच प्रश्न विचारला. आई म्हणाली, “माहा पोरगा हारतच नाई बाई. हारतात ते बाकीचे.”

गाडीत अध्यक्ष कुरकुरले. “उंची पाहा न! नुसता हात वर केला का वरच्या दांडीले लागते.”

“दांडी आणि खांब आपल्याकडे आधीच आहेत,” मी म्हटलं. हे असते तर असंच म्हणाले असते. वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, कोण जाणे.

दुसरा वरवट बकालचा. मध्यम बांध्याचा, लाजरा, भावाबरोबर शेती करणारा. प्रश्नाचं उत्तर त्याच्या भावजयीनं दिलं, पदर तोंडाला लावून.

“हा? हारून आला का आधी जेवत नाई. गोठ्यात जाते न म्हशीपुढं उभा राहून सारी मॅच सांगते. कुठं चुकलो, कसा चुकलो. ते रवंथ करते न हा सांगते. आमच्या म्हशीले ऑफसाइड समजते आता!”

“वयनी, गप न वं!” तो कानापर्यंत लाल झाला.

“हाच,” मी अध्यक्षांना म्हटलं.

त्याला लगेच गाडीत बसवायची त्यांची घाई होती. मी आधी गावच्या टीमच्या कॅप्टनकडे गेले. पळवून आणलेल्याला उद्या दुसरा कोणी पळवून नेतो, हे यांचं ठरलेलं बोलणं. कॅप्टन शेतातून आला, हात धुतले आणि म्हणाला, “न्या. पण आमच्या टूर्नामेंटले वापस पायजे.” मी शब्द दिला.

“उसना नवरदेव!” अध्यक्ष स्टिअरिंगवर हात मारून म्हणाले.

पहिलीच मॅच आम्ही हरलो, आणि त्याच्या चुकीनं हरलो. साधा, जमिनीलगत येणारा बॉल. तो उशिरा वाकला आणि बॉल त्याच्या हाताखालून गेला. लोक हसले. पुढचीही मॅच हरलो तर टूर्नामेंटमधून बाहेर. अध्यक्ष माझ्याजवळ आले, ओरडले नाहीत, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

“वहिनी, मोताळ्याले गाडी पाठवू का?”

“सकाळी सांगते.”

घरी आले. यांच्या फोटोकडे पाहायचं टाळून चहाचं आधण ठेवलं, तेवढ्यात दार वाजलं. बाहेरगावच्या मुलांची सोय क्लबाच्या खोलीत होती, तिथून तो चालत आला होता.

“काकू,” तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, “इथं म्हैस नाई.”

मी त्याला आत घेतलं. तो बसला नाही. स्वयंपाकघराच्या दाराला टेकून, जमिनीकडे पाहत त्यानं पहिल्या मिनिटापासून सुरुवात केली. आमचा एक बचावाचा खेळाडू त्या गोलच्या वेळी घसरून पडला होता, ते मी स्वतः पाहिलं होतं. त्याचं त्यानं नावही घेतलं नाही. त्या गोलपाशी तो तीनदा परत आला आणि तिसऱ्यांदा थांबला.

“ऊन, काकू. आमच्या गावचा गोल उत्तरेले हाय. इथं सांजचं ऊन सरळ डोयात येते. टोपी होती माह्याजवळ. लोक हासतीन म्हणून नाई घातली.”

मी नुसता चहा ओतत होते, इतकंच. मग एकदम आठवलं: हे सुद्धा टीम हरली की त्याच दाराला टेकून उभे राहत. मी पोळ्या लाटत ‘हं’ म्हणे, आणि बोलता बोलता त्यांचं त्यांनाच सापडे. इतकी वर्षं या घरातली म्हैस मी होते.

मला हसू आलं. तो गोंधळून पाहायला लागला, तेव्हा त्यालाही सांगितलं. मग आम्ही दोघं हसलो, आषाढानंतर त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा.

सकाळी अध्यक्षांना फोन केला. “गाडी पाठवू नका. त्याला टोपी घालायला सांगा, आणि कोणी हसलं तर तुम्ही ओरडा.”

पुढच्या मॅचला अध्यक्ष एवढे ओरडले की पंचांनी त्यांना समज दिली. टोपीवाल्यानं दोन गोल अडवले, एक तर उन्हाकडे तोंड करून, आणि आम्ही जिंकलो.

त्या संध्याकाळी मी दोघांचा चहा टाकला, पण तो आला नाही. जिंकून आल्यावर हा घरी काय करतो, ते विचारायचं राहूनच गेलं होतं. दुसरा कप मी फोटोसमोर ठेवला, खुर्ची ओढून बसले, आणि पहिल्या मिनिटापासून सांगायला सुरुवात केली.