बॅगेवरची रुई

मी एकोणसत्तर वर्षांची आहे. त्यातली सव्वीस वर्षं मी सोलापुरात मुलींना विज्ञान शिकवलं, त्यामुळे हे लिहायला बसले तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. तरुणपणी मी भयंकर शहाणी होते. शाळेमागच्या चिंचेवर बाई आहे म्हणून मुली तिकडे फिरकत नसत, तर मी त्याच झाडाची चिंच भर वर्गात मीठ लावून खाल्ली – "बघा गं, काही होतंय का!" दुसऱ्या दिवशी घसा असा बसला, की तीन दिवस नुसतं फळ्यावर लिहून शिकवलं. मुलींचा त्या बाईवरचा विश्वास दुप्पट झाला. माझा अविश्वास मात्र तसूभर हलला नाही.

तर अशा शिक्षिकेचा हा अनुभव आहे. हसायचं तिथे हसा.

माझी मुलगी शलाका आणि जावई मंदार मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहान गावात राहतात. गावाचं नाव सांगत नाही, तिथलीही चार मराठी घरं हे वाचतात. एक नदी, नदीतून काढलेला कालवा, आणि मधोमध लाल विटांच्या कापडगिरण्या. गिरण्या बंद पडून जमाना झाला. एकीत आता दवाखाने आहेत, एकीत फर्निचरचं दुकान, आणि एकीत फ्लॅट. यांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, कालव्याच्या बाजूला. पुरुषभर उंचीच्या खिडक्या. जमिनीला जुन्या लाकडी फळ्या – त्यांवर तेलाचे काळे डाग आणि माग ठोकले होते तिथली बुजवलेली भोकं.

"आई, हे ओरिजिनल फ्लोअरिंग आहे हं," मंदारने कौतुकाने दाखवलं.

मी म्हटलं, "माझी आई जन्मभर गिरणीतून सुटका मागत होती, आणि तुम्ही हौसेने आत राहायला आलात!"

माझी आई सोलापूरच्या गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. हे पुढे लागेल म्हणून सांगून ठेवते.

मी गेले होते शलाकाच्या बाळंतपणाला. छत्तिसाव्या वर्षी पहिलं बाळ. बॅगेत डिंक, अळीव, खारीक पावडर, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, दोन कुंच्या. एअरपोर्टवरच्या ऑफिसरने अळीव हुंगून विचारलं, हे काय? मी म्हटलं, "फॉर मदर." त्याने सोडलं.

अडतिसाव्या आठवड्यात बाळाची हालचाल थांबली. मुलगी होती... ती गेलेलीच जन्माला आली.

आता जे लिहिते ते माझ्याबद्दल आहे. नर्स फार मायाळू होती. तिने शलाकाला विचारलं, बाळाला जवळ घ्यायचंय का, हवा तितका वेळ घे. शलाकाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली – नाही. मग तिनेही हलवली.

आमच्याकडे असंच करतात. बघायचं नाही, जवळ घ्यायचं नाही, नाव ठेवायचं नाही... म्हणजे लवकर विसरतं. सगळ्या अंधश्रद्धांवर भाषणं ठोकणारी मी, या एका गोष्टीवर कधी प्रश्नच विचारला नव्हता.

निघताना नर्सने मंदारच्या हातात पुठ्ठ्याची एक छोटी पेटी दिली. बाळाचा फोटो, पावलांचे ठसे, टोपी. त्याला ती धरवेना. मी म्हटलं, "द्या माझ्याकडे. आणि शलाकाला सांगू नका." ती पेटी माझ्या मोठ्या बॅगेत, दुपट्यांच्या खाली गेली. भारतात परत जाताना कुठेतरी विसर्जन करू, असा माझा बेत होता.

तिसऱ्या दिवशी शलाकाला दूध आलं. तिथे त्यावर काय करतात मला ठाऊक नव्हतं, आणि आपल्याकडे काय करतात ते मला पुरतं ठाऊक होतं.

ती बोलेनाशी झाली. सोफ्यावर पडून कालव्याकडे बघायची. मंदार ऑफिसला गेला की घरात आम्ही दोघी आणि फ्रिजचा आवाज. मी शिरा करायची, ती म्हणायची, "ठेव." तेवढंच.

साधारण दुसऱ्या आठवड्यात माझ्या बॅगेवर कापूस दिसायला लागला. कपडे वाळवायच्या मशीनमधली करडी लव मला माहीत आहे. ही ती नव्हती. ही पांढरी कच्ची रुई होती, बोटाला चिकटणारी. आई कामावरून आली की तिच्या केसांत असायची तशी. मी ती पुसायची, दुसऱ्या दुपारी परत. खोलीत दुसरीकडे कुठेही नाही, फक्त बॅगेच्या झाकणावर. विज्ञानाच्या बाईंनी काय केलं? स्टुलावर चढून गरम हवेच्या जाळीवर टिश्यू पेपर चिकटवला. तीन दिवसांनी काढला तर कोरा. बॅगेवर मात्र रुई. कुणाला बोलले नाही, कारण बोललं तर बॅग पुढे आली असती.

मग ती दुपार. अडीचच्या सुमारास मी खाली टपाल आणायला गेले. दार ओढून घेतलं – ते आपोआप लॉक होतं – आणि किल्ली माझ्या मुठीत. दहा मिनिटांत परत आले. शलाका माझ्या खोलीत, जमिनीवर. बॅग उघडी. पेटी मांडीवर, अजून बंद.

"आई, त्या कोण होत्या?"

"कोण?"

"आत्ता आलेल्या आजी. एप्रनवाल्या. मला वाटलं, तूच कुणा शेजारणीला पाठवलंस." आवाज अगदी शांत होता. "म्हणाल्या, 'युअर गर्ल इज इन देअर.' आणि बॅगेकडे हात केला."

"स्वप्न पडलं असेल, राजा."

"त्यांच्या केसांत कापूस होता, आई."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

तिने पेटी उघडली. फोटो बराच वेळ बघितला. "नाक मंदारचं आहे," ती म्हणाली. आणि मग दोन आठवड्यांचं सगळं एकदम बाहेर आलं. "तू कोण ठरवणारी? हाऊ कुड यू? माझी मुलगी होती ती! मी तुझ्याकडे बघितलं, कारण मला वाटलं तुला माहीत असेल!"

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "मलाही दाखवलं नव्हतं."

हे मी आयुष्यात कुणालाच सांगितलेलं नव्हतं, तिलाही नाही. शलाकाच्या दादाआधी मला एक मुलगा झाला होता. मी तेवीस वर्षांची होते. रडला नाही तो. सासूबाईंनी लुगड्याच्या धडपात गुंडाळला, आणि त्या व दीर त्याला घेऊन गेले. दोघं परत आले, हातपाय धुतले, चहा झाला. मला म्हणाले, विसर. आणि मी – चिंच खाणारी, सगळ्यांशी वाद घालणारी ती महाशहाणी – मी 'हो' म्हटलं. चांगली सून होते ना! कुठे पुरलं, एवढंही विचारलं नाही. पुढे विचारायचं धाडस आलं, तोवर सासूबाईही गेल्या होत्या आणि दीरही.

शलाका रडायची थांबली. "कसा होता गं?"

"माहीत नाही."

ती सरकून जवळ आली. फोटो आमच्या दोघींच्या मध्ये धरला. म्हणाली, "ही बघ. नीट बघ." मी बघितलं. संध्याकाळी मंदार आला तेव्हा आम्ही तिथेच बसलो होतो. तिघांनी मिळून तिचं नाव ठेवलं. ते आमच्याजवळच राहू दे.

त्या आठवड्यात मंदारने दारावरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काढलं. मी बाहेर पडताना दिसते, मी आत येताना दिसते. मध्ये कोणी नाही. इमारतीच्या मॅनेजरला विचारलं, तर आमच्या मजल्यावर एकही वयस्कर भाडेकरू नाही. मी आणि मंदार पेटीबद्दल हळू बोललो असू, ते तिने ऐकलं असेल. औषधांमुळे भास झाला असेल – हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलंय, शाळेत सांगायची तसं पायरीपायरीने. पण रुईचं मी कुणालाच बोलले नव्हते. तिथे माझी पायरी चुकते.

त्यानंतर मी सात आठवडे तिथे होते. खरं सांगू? रोज दुपारी अडीचला शलाका फिरायला बाहेर पडली की मी खोलीत बॅगेसमोर खुर्ची टाकून बसायची. आधी गप्प. मग मराठीत. मग माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये. कोणी आलं नाही.

त्या बाई कोण होत्या, हे मला विचारायचंच नव्हतं. माझा मुलगा कुठे ठेवलाय, तेवढं त्यांना माहीत असलं तर हवं होतं.