हवालदाराची गादी

"थांब रे. वाजला."

मनगटावरचं प्लास्टिकचं घड्याळ पिपी करायला लागलं की बोलणं जिथे असेल तिथे तो तोडायचा. दोन्ही हात खुर्चीच्या चाकांवर रोवायचा, कोपरं ताठ करायचा आणि सगळा देह सीटवरून वीतभर वर उचलायचा. ओठांतल्या ओठांत वीस मोजायचे, मग सावकाश खाली यायचं, आणि जो शब्द अर्धा राहिला असेल त्याच्यापासून पुढे सुरू. "...तर ती म्हस," म्हणायचा, आणि आपण आठवत बसायचं की कुठली म्हैस. दर पंधरा मिनिटांनी हे चालायचं. लग्नात, भजनात, दशावतारात राक्षस मरत असतानासुद्धा. कट्टा गावच्या बाजारात तुमचं कधी येणंजाणं असेल तर तुम्हीही हे बघितलं असेल आणि पुढे जाऊन एकमेकांना विचारलं असेल, हा मनुष्य करतो काय?

सांगतो. पाठीचा कणा गेलेल्या माणसाला खालचं काही कळत नाही. तुमचं आमचं अंग बसून बसून अवघडलं की आपण चुळबुळ करतो. याचं अंग अवघडलेलं यालाच कळत नाही, मग मांस दबून राहतं आणि आतल्या आत सडतं. म्हणून घड्याळ, म्हणून ती उचल. "तुमचं आमचं" सवयीने म्हटलं. माझं अंगही त्याच्यासारखंच आहे, पण ते पुढे.

त्याला सगळे हवालदार म्हणत. सैन्यातून आलेला. तोंडावर मी त्याला "हवालदारानू" म्हणायचो आणि मनात अरेतुरे. इथेही एकेरीच लिहितो, उगाच सोंग कशाला?

एकदा पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात त्याला पुढे बसवला होता. राष्ट्रगीत चालू आणि याचं घड्याळ वाजलं. हा आपला नेहमीसारखा हातांवर वर झाला. लोकांना वाटलं, हा झेंड्यासाठी उभा राहायला धडपडतोय. सरपंचांचे डोळे भरून आले. एक बाई पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागली. राष्ट्रगीत संपल्यावर टाळ्या काही थांबेनात. त्याचं घर माझ्यासमोरच. परतताना तो माझ्या खिडकीशी थांबला, हे सगळं सांगितलं आणि खोखो हसत म्हणाला, "अरे, ढुंगणासाठी उचललंय मी, देशासाठी न्हय!"

मी हसलो नाही. माझ्या पोटात दुखत होतं.

कारण मीही तसाच पडलेला. मी पंपांच्या जळलेल्या मोटरींत नवी तार भरून, वाइंडिंग करून देणारा मेकॅनिक. परक्याच्या विहिरीतून पंप वर काढताना पाय सटकला आणि खाली, आतल्या चिऱ्याच्या टप्प्यावर पाठीवर आपटलो. विहिरीत पडलेल्याला हार कोण घालतो? लोक भेटायला आले आणि म्हणाले, जपून उतरूक नको काय! हवालदारालाही काही गोळी लागलेली नव्हती. डोंगरातल्या रस्त्यावर त्यांची गाडी घसरली होती. हे मला कळलं तेव्हा आधी बरं वाटलं, मग मी आणखीनच जळलो. तो पडला तेव्हा त्याला उचलायला मागे कोणीतरी होतं. मी नुसताच पडलो.

त्याला काय नव्हतं? पेन्शन. पिसासारखी हलकी खुर्ची. तीन चाकांची स्कूटर. दाराला सिमेंटचा उतार. वर्षातून एकदा तीन आठवडे घाटापलीकडे, सैनिकांच्या केंद्रात मुक्काम. तिथे तपासण्या, व्यायाम, थाळीफेकीच्या स्पर्धासुद्धा. एक पदक त्याच्या घरी कपाटाच्या कडीला लटकत असायचं. आणि महिन्यातून एकदा त्या केंद्राच्या सिस्टरचा फोन: कातडी कशी आहे, कुठे लाल दिसतंय का, लघवीचा त्रास नाही ना? मला फोन यायचे ते सिमकार्डवाल्यांचे. माझी खुर्ची कसल्याशा शिबिरात मिळालेली, लोखंडी. तिची पुढची चाकं खळ्यातल्या, म्हणजे अंगणातल्या, मातीत रुतायची. तीन वर्षं मी खाटेवर पडून खिडकीतून समोरचा तो उतार बघत होतो. तो सर्रकन खाली यायचा आणि मी भिंतीकडे तोंड फिरवायचो. आपलं दुखणं मोठं की दुसऱ्याचं सुख मोठं, हे मला कधीच ठरवता आलं नाही.

माझ्या दाराला तीन पायऱ्या. एक दिवस त्याने शेजारच्या दोघांना धरून आणलं, पायऱ्यांवर फळ्या टाकायला लावल्या आणि खुर्चीसकट माझ्या खोलीत दाखल. माझी खुर्ची बघितली, खाट बघितली आणि माझ्या बायकोला म्हणाला, वहिनी, तेका जरा कुशीवर करा. माकडहाडावर जखम होती, सुपारीएवढी. आम्ही तिला हळद लावत होतो. त्याने वाकून ती नीट बघितली. मग म्हणाला, "ल्हान दिसता, पण ही माणूस मारता."

त्याने मला दोन महिने पालथा निजवला. ड्रेसिंग करायला नर्सबाई यायच्या, पण पहारा याचा. सकाळ-संध्याकाळ यायचा, माझ्या डोक्याशी खुर्ची लावायचा, गजाली, म्हणजे गावच्या गप्पा, सांगायचा, घड्याळ वाजलं की उचलायचा, पुन्हा सांगायचा. मी उशीत तोंड खुपसून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, तुझं काय जातंय बोलायला. माझ्या डाव्या मांडीला थोडंसं कळत होतं. त्याला छातीखाली काहीच कळत नव्हतं. "नशीबवान आसंस मेल्या," असं तो मला म्हणायचा. मला वाटायचं, हा माझी चेष्टा करतोय.

जखम भरली त्या दिवशी, चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात, तो मांडीवर एक गादी घेऊन आला. काळ्या रबराची, अंड्यांच्या ट्रेसारखे हवेने भरलेले फुगे असलेली. त्या केंद्रातून मिळालेली. तिच्यावर बसलं की अंग एका जागी दबत नाही.

"ह्याच्यार बस. आणि मोटरी आण तुझ्यो."

"आणि तुमका?"

"माका दुसरी आसा."

तुम्हाला वाटेल, मला गहिवरून आलं असेल. छे! माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की म्हणजे याच्याकडे दोन होत्या! इथे एकाला एक नाही आणि याच्याकडे दोन.

पण त्या गादीने मला बसतं केलं. खळ्यात मांडव होता, त्याच्याखाली टेबल लावलं. पहिली मोटर आली ती ज्याच्या विहिरीत मी पडलो त्याचीच. तांब्याची तार बोटांत घेतली आणि बोटं विसरली नव्हती. बायको चुलीकडे जाऊन रडली, ते मला ऐकू आलं. बरं वाटेपर्यंत ठेव, असं तो म्हणाला होता. मला बरं वाटत होतं आणि मी ती ठेवून घेतली. चतुर्थी गेली, दिवाळी गेली, शिमगा आला. त्याने कधी मागितली नाही. मीही कधी विषय काढला नाही.

आता खोटं कशाला बोलू? मला दिसत होतं. त्याच्या सीटवर चादरीची घडी असायची. एकदा ती सरकली तेव्हा खाली स्पंजचा तुकडा दिसला, रिक्षाच्या सीटमधून कापलेला. दुसरी गादी कुठे होती? मी नजर मोटरीत घातली. आणि त्याचं घड्याळ पंधराऐवजी दहा मिनिटांनी वाजायला लागलं होतं. मी विचारलं, तर म्हणाला, "घड्याळ बिघडलाहा." दुसरा कोणीही हे मानून गेला असता. मला मानता येत नव्हतं, कारण दहा मिनिटांनी का उचलावं लागतं हे सगळ्या गावात त्याच्यानंतर मलाच ठाऊक होतं. तरी मी मानलं. त्याला काय कमी आहे, तो मागेल तर त्याला चार मिळतील, असं मनाशी म्हणत राहिलो.

शिमगा झाल्यावर आठ दिवस तो दिसला नाही. मग त्याची बहीण आली. माई म्हणायचो आम्ही तिला. विधवा होती आणि त्याच्याबरोबर राहायची. ती खळ्यातच उभी राहिली. ताप उतरत नव्हता, जखम हाडापर्यंत गेली होती, केंद्राने त्याला नेण्यासाठी गाडी पाठवली होती आणि पहाटेच तो गेला, एवढं तिने सांगितलं. मी म्हटलं, पण दुसरी गादी होती ना त्यांच्याकडे?

"तेका दुसरी खंय होती रे? जुनी दिल्याशिवाय नवी मेळणा नाय थंय. म्हणान यंदा तो गेलोच नाय."

ती नुसती गादीकडे बघून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याची व्हॅन ठरवली. गादी धुऊन पुसून मांडीवर घेतली आणि स्वतः गोधडीच्या घडीवर बसलो. बायको घड्याळ बघून सांगायची आणि मी वरचा दांडा धरून उचलायचो. फोंडाघाटाच्या वळणांवर मात्र ते जमेना. सगळा घाट मी तसाच बसून चढलो.

आणि ते केंद्र मी बघितलं. देवाशपथ सांगतो, त्या जागेत एक पायरी नव्हती! झाडाखाली सात-आठ जण खुर्च्यांवर बसून पत्ते खेळत होते. एकाचं घड्याळ वाजलं, तो हातांवर वर झाला. बाकीचे पानं धरून थांबले, वीस होईपर्यंत. कोणी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी तिथेही जळलो. गावात तो एकटा विचित्र आणि मी त्याहून विचित्र. इथे कोणीच विचित्र नव्हतं. आपल्यासारख्यांचा विचार करून कोणीतरी एवढी जागा बांधली होती. फक्त मी तिच्यात बसत नव्हतो.

तो पालथा होता, गाल उशीवर. दाढी वाढलेली. मी खुर्ची त्याच्या डोक्याशी लावली, तो माझ्याशी लावायचा तशी, आणि गादी त्याच्या तोंडासमोर धरली. त्याने गादीकडे बघितलं, मग माझ्या खुर्चीकडे.

"मगे तू कशार बसान इलंस?"

मी गोधडीची घडी हाताने झाकली. त्याने पडल्या पडल्या सिस्टरला हाक मारली आणि माझी कातडी बघायला लावली. मी त्यांच्या यादीतला नव्हे, पण तिने बघितलं. डावीकडे लाल झालं होतं. त्याने मला आईबहिणीवरून नाही, पण त्याच्या अलीकडे जेवढं आहे तेवढं सगळं ऐकवलं. मी म्हटलं, गादी इथेच ठेवतो, ही देऊन नवी घ्या. तर म्हणाला, "मी पालथो पडलंय. माका गादी कित्याक? बरो झालंय काय मागतंय."

परतताना घाट मी गादीवर बसून उतरलो. अंगाला बरं वाटत होतं. मला त्याचीही लाज वाटली, पण वाटत होतं ते वाटत होतं.

त्याने ती मागितली नाही. विष रक्तात गेलं होतं. तेरावा झाल्यावर माई आली आणि ते प्लास्टिकचं घड्याळ माझ्या टेबलावर ठेवून गेली. गादी परत न्यायला सांगितली तर तिने नको म्हणून हात जोडले.

समोरचा उतार आता शेवाळला आहे. मी मोटरी भरतो. लोक येऊन बसतात, गजाली होतात. घड्याळ वाजतं आणि मी म्हणतो, थांब रे, वाजला. हात रोवतो, वर होतो, वीस मोजतो, खाली येतो. समोरचा माणूस वाट बघत असतो आणि मला काही केल्या आठवत नाही की आपण काय बोलत होतो. त्याला आठवायचं. अजून जळतो मी त्याच्यावर.