डुकरांपुरतं बायबल

आमच्या बुरोंडीच्या धाकट्या साडूने डुकरांचा जेवढा विचार केला आहे, तेवढा बायबल लिहिणाऱ्यांनीही केला नसेल. माणूस आंजर्ल्याच्या गणपतीची संकष्टी न चुकवणारा. पण एका वर्षी रानडुकरांनी त्याचा सुरण उकरून फस्त केला, आणि या वैऱ्याविषयी कुठल्या धर्मात काय लिहिलंय ते बघायचं त्याने मनावर घेतलं. मुंबईतल्या जुन्या शेजारणीने दिलेलं मराठी बायबल घेऊन तो बसला. डुक्कर दिसेल तेवढं वाचायचं, बाकी पानं उलटायची.

मी जन्मभर मास्तरकी केली, बायबल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं; पण हर्णेला, आमच्या सासुरवाडीत, बैठक जमते ती याच्याभोवती. मी जळतो, उघड सांगतो. भुतं शिरलेला डुकरांचा कळप समुद्रात उडी घेतो, ही गोष्ट त्याने बंदरावर ऐन लिलावात सांगितली, तर बोली थांबवून बायका विचारतात, "मंग त्या साली मासळी कशी गावली?" भाचीच्या लग्नात नवरीकडे बघून "डुकराच्या नाकात सोन्याची नथ, असा एक वचन हाय" म्हणाला. मी म्हटलं असतं तर मला भरल्या पंगतीतून उठवलं असतं. त्याला नवरीने हसत लाडू वाढला. एकदा मलाच म्हणाला, "मास्तर, डुकराचे खूर गायीसारके दुभंगलेले, पन ता रवंथ नाय करीत, म्हणून अशुद्ध. तुमचाबी वाचन तसाच, नुसता गिळलेला." सगळ्यात मोठ्याने हसली माझी बायको.

गेल्या वर्षी आमचा मेहुणा परत आला. बापाची होडी परस्पर विकून तो मुंबईला गेला होता, तिथे हॉटेल काढून बुडवलं. सासरे त्याला घरात घेईनात. तो अंगणात बसून, सासूबाई आत रडत. मी सासऱ्यांना क्षमेचं महत्त्व तासभर समजावलं. ते सुपारी कातरत राहिले. मग साडू आला आणि बसल्या बसल्या डुकरांवर घसरला. बापाची इस्टेट उडवलेला एक पोरगा परमुलखात डुकरं राखत होता म्हणे.

"डुकरं शेंगा खायची, त्यावर याची नदर. पन त्यापन कोन देईना. मंग त्याला बापसाचा घर आठावला," तो म्हणाला.

सासऱ्यांचा अडकित्ता थांबला. "मंग? बापसान काय केलान?"

"ता काय म्हाईत नाय. फुडं डुकरं नव्हती, मी पान उलटला."

उत्तर मला पाठ होतं! पण मी तोंड उघडेपर्यंत सासरे उठले होते. अंगणात जाऊन ते मुलासमोर उभे राहिले. मग म्हणाले, "पाय धू आनि आत ये. कालवण निवतंय."

परतताना स्कूटरवर मागे बसलेल्या साडूला मी पुढची गोष्ट सांगितली. मुलाला लांबून बघूनच बाप कसा धावत सुटला, कसा त्याच्या गळ्यात पडला, सगळं. बुरोंडीला उतरल्यावर तो डोळे पुसत म्हणाला, "बरा झाला मला म्हाईत नव्हता, मास्तर. म्हाईत असता तर सांगून टाकला असता."

त्याचा एवढा हेवा मला कधीच वाटला नव्हता. मी आयुष्यभर सगळं सांगूनच टाकत आलो.