सरांच्या तोंडचा लेथ

ग्रीस आणि झेंडूचा वास एकत्र आला की मला शिनोलीजवळच्या आमच्या कॉलेजचं पत्र्याचं वर्कशॉप दिसतं. अकरावीच्या व्यवसाय अभ्यासक्रमासाठी सरकारी अनुदानातून तिथं लेथ मशीन आलं होतं, पण त्याला लागणारी थ्री फेज विजेची लाईन आमच्यापर्यंत कधी पोचलीच नाही. खंडेनवमीला आम्ही मुली त्याला झेंडूचे हार घालायचो आणि एरवी गंजू नये म्हणून ग्रीस फासायचो. कापायचा लोखंडी तुकडा, म्हणजे जॉब, ज्यात पकडतात तो चक आमचे वर्कशॉपचे सर शिकवताना हातानं फिरवायचे आणि मशीनचा आवाज तोंडानं काढायचे. "आवाज जड झाला की समजायचं, टूल लई खोल घुसलंय," असं म्हणून तो जड आवाजही ऐकवायचे. एका खंडेनवमीनंतर, हार सुकायच्या आत, अनुदानाची तपासणी आली. साहेब म्हणाले, "चालू करून दाखवा." सरांनी एकदा आमच्याकडं पाहिलं, चकवर हात ठेवला आणि तोंडानं आवाज सुरू केला. कुणीच हसलं नाही. साहेब कागदावर एक रेघ मारून बाहेर पडले, त्यांची जीप गेली, तरी सर थांबेनात. शेवटी माझी मैत्रीण म्हणाली, "सर, साहेब गेलं." सर म्हणाले, "जॉब अजून झाला न्हाई, पोरी." पुढच्या वर्षी अनुदान आलं नाही, अभ्यासक्रम बंद पडला आणि सर कुठं गेले ते कुणालाच कळलं नाही. आता चाकणच्या कारखान्यात मी लेथ चालवते. बटण दाबलं की मोटरच्या आधी सरांचा आवाज येतो. शिफ्ट संपल्यावर मी मशीन बंद करते, तरी तो आवाज थोडा वेळ चालूच असतो.