चुडा भरणारी मावशी

सुट्टीत घरी येताना नसरापूर फाट्यावर भोरची एसटी पकडली. शेजारी मांडीवर बांगड्यांची पेटी घेऊन एक मावशी बसल्या होत्या. काय शिकतेस, त्यांनी विचारलं.

"ख्रिस्ती लोकांच्या विद्यापीठात नाटक आणि माध्यमं," मी म्हणाले.

यावर सगळे एकच विचारायचे, तिथं प्रार्थनेला बसवतात का? मला त्याचा वीट आला होता. मावशींनी मात्र माझा हात घेतला, सवयीनं बोटांचे सांधे दाबून पाहिले.

"रडू आवरायचं शिकवत्यात का गं तितं? उद्या माज्याच लेकीला चुडा भरायचाय. भरणारीनं नवरीपुढं रडायचं नसतं. आजवर म्या कदी रडले न्हाई."

मी आमच्या सरांची युक्ती सांगितली. "समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, कपाळाकडं बघायचं. त्याला फरक कळत नाही."

"एवढंच व्हय!" म्हणत त्या भोरपर्यंत लेकीबद्दलच बोलत राहिल्या.

स्टँडवर उतरल्यावर त्यांनी माझ्या हातात दोन हिरव्या बांगड्या चढवल्या. "लई शीक," म्हणाल्या आणि छान हसल्या.

सरांचं चुकलंच. मावशी माझ्या कपाळाकडं बघत होत्या, आणि मला लगेच कळलं.