साडेनऊची शब्बाथ शाळा

आमचे कंडक्टरभाऊ स्वर्गात पोचतील त्या दिवशी तिथल्या देवदूतांना आधी रांगेत उभं राहावं लागेल, मागच्या दारानं आत यावं लागेल आणि सगळे बसल्याची खात्री झाल्याशिवाय स्तुतिगीताला सुरुवात करता येणार नाही, याबद्दल आमच्या मंडळीत दुमत नाही. मंडळी म्हणजे आमचं लहानसं देऊळ आणि तिथे येणारी ख्रिस्ती घरं. ब्रह्मपुरीहून जीपनं पाऊण तासावर, धानाच्या बांध्यांमध्ये वसलेल्या गावात अशी घरं असून असून किती असणार? पूर्वी तीस-चाळीस होती, आता त्याच्या निम्मी. रविवारी सकाळी मोठ्यांची उपासना चालू असताना शेजारच्या खोलीत मुलांचा वर्ग भरतो, त्याला आम्ही शब्बाथ शाळा म्हणतो. हा वर्ग कंडक्टरभाऊंनी अख्खं आयुष्य चालवला. एसटीच्या लाल गाडीवर नोकरीत होते तेव्हा रविवारची सुट्टी मिळावी म्हणून ते एटापल्लीच्या मुक्कामी गाडीवर सगळ्यांच्या वाट्याच्या ड्यूट्या स्वतः करायचे. बाकीचे कंडक्टर त्यांना दुवा देत आणि मागे वेडा म्हणत. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कोणी विचारलं की म्हणायचे, "टाइमच नाई भेटला. जेव्हा पोरगी पाहाले जाचं ठरे, तेव्हाच ड्यूटी लागे."

निवृत्त झाले तेव्हा डेपोनं त्यांना निरोप दिला, पण त्यांनी काही डेपोला निरोप दिला नाही. तो त्यांनी उचलून आमच्या वर्गात आणून ठेवला. खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी बांधून तिला घंटी लावली. दोनदा वाजली की वर्ग सुरू, एकदा वाजली की गप्प. मुलांनी मागच्या दारानं यायचं, पुढच्या दारानं जायचं. खिडकीजवळची पहिली जागा नव्या मुलासाठी राखीव, मग नवं मूल वर्षभर न येवो. एकदा खुद्द पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, वर्ग बघायला म्हणून पुढच्या दारानं आत शिरले, तर यांनी त्यांना तिथेच थांबवलं आणि नम्रपणे म्हणाले, "साहेब, हे उतराचं दार हाये. चढाचं मांगून." पाळकसाहेब बिचारे चपला हातात घेऊन चिखलातून वळसा घालून मागच्या दारानं आले. तोवर घंटी दोनदा झालेली होती, त्यामुळे ते उशिरा आलेले धरले गेले.

शास्त्रातल्या गोष्टी सांगायची त्यांची तऱ्हाही अशीच. जिथे आपण श्रद्धा पाहतो तिथे त्यांना मार्ग दिसायचा. मिसर देशातून निघालेले लोक चाळीस वर्षं रानात फिरले, हे सांगताना त्यांचा जीव कासावीस व्हायचा. "चाळीस वर्षं! आलापल्लीच्या जंगलातून सिरोंच्याले माणूस बैलबंडीनं गेला तरी पोचते. काऊन नाई पोचले? कोणाले रस्ता नाई विचारला म्हणून." देवानं पाठवलं त्याच्या उलट दिशेच्या जहाजात चढून माशाच्या पोटात गेलेल्या संदेष्ट्याबद्दल मात्र त्यांना थोडी सहानुभूती होती. "त्याच्यापाशी तिकीट होतं. पण गाडी उलटी पकडली." आणि बारा वर्षांचा येशू यरुशलेमात मागे राहिला, आईबाप एक दिवसाची वाट चालून गेले आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, ही गोष्ट तर त्यांना शांतपणे सांगताच यायची नाही. दरवर्षी ते तिथे अडायचे, चष्मा काढायचे आणि म्हणायचे, "गाडी सोडाच्या आधी डोके मोजा लागते, बाप्पा. आपलं पोर गाडीत हाये का नाई, एवढं तरी पाहा लागते का नाई?"

ते स्वतः फार मोजायचे. सहलीला मुलांना जीपमधून नेलं की दर दोन किलोमीटरवर गाडी थांबवून डोकी मोजत. सहलीचं ठिकाण येईपर्यंत परतायची वेळ व्हायची. एका सहलीहून येताना त्यांना एक डोकं जास्त भरलं. चारदा मोजलं, चारही वेळा जास्तच. शेवटी मागच्या बाकाखाली एक चारपाच वर्षांची मुलगी निवांत झोपलेली सापडली, जिला आमच्यापैकी कोणीच ओळखत नव्हतं. गाडी पाहावी म्हणून चढली होती म्हणे. कंडक्टरभाऊंनी तिथूनच जीप वळवली, तिला तिच्या गावात आईच्या हाती दिली आणि वर त्या माउलीची चार वेळा माफी मागितली. त्या बाईला तोवर मुलगी हरवल्याचंही कळलं नव्हतं, त्यामुळे तिला माफी कसली मागताहेत तेच कळेना.

पण मोजायला मुलं असली तर पाहिजेत. आमच्याकडची तरुण घरं एकेक करत उठत गेली. कोणी सूरजागडकडे खाणीच्या कामावर लागलं, कोणी राजुऱ्याला, बहुतेक नागपूरला. नाताळच्या नाटकात एके काळी मेंढपाळांची इतकी गर्दी व्हायची की मेंढरांना उभं राहायला जागा नसे. पुढे एकच मूल पूर्वेकडून आलेला मागी राजा, मेंढपाळ आणि देवदूत अशा तिन्ही भूमिका करू लागलं, आणि शेवटी उरली एकटी माझी मुलगी. त्या नाताळात ती मरिया झाली, तीच गाब्रिएल देवदूत झाली, स्वतःच स्वतःला आनंदाची वार्ता सांगून स्वतःच घाबरली. कंडक्टरभाऊ उंट झाले होते. पाठीवर उशी बांधून गुडघ्यांवर चालत आले आणि उठता येईना म्हणून दुसऱ्या दोन माणसांनी त्यांना उचलून नेलं. प्रेक्षकांत आम्ही मोठी माणसं हसून हसून बेजार झालो. तेव्हा हसू आलं खरं.

त्या वर्षीच्या बक्षीस समारंभात माझ्या मुलीचा दुसरा नंबर आला. वर्गात ती एकटी आणि नंबर दुसरा. तोंडपाठ करायची शास्त्रातली सुवर्णवचनं वर्षाला बावन्न असतात, तिची पन्नास झाली होती. बायको रुसली, मी कंडक्टरभाऊंना हसत हसत विचारलं, "मग पहिला कोण?" ते गंभीरपणे म्हणाले, "औंदा पहिला कोणी नाई आला, भाऊ." पहिल्या नंबराच्या बक्षिसाचा डबा त्यांनी पुढच्या वर्षासाठी कपाटात ठेवून दिला. मुलगी मात्र दुसऱ्या नंबरावर इतकी खूश होती की तिनं तो कंपासबॉक्स दहावीपर्यंत वापरला.

दहावीनंतर मी तिला नागपूरला पाठवलं. हॉस्टेल, कॉलेज, प्रवेशपरीक्षेची शिकवणी, सगळे पाठवतात तसंच. म्हणजे शब्बाथ शाळेतलं शेवटचं मूल गावातून नेणारा मीच, हे सांगायला हवं. मंडळीचा सेक्रेटरीही मीच.

कंडक्टरभाऊंनी वर्ग थांबवला नाही. वेळापत्रकात गाडी आहे तर ती सुटणार, रिकामी असली तरी सुटणार, पुढच्या थांब्यावर कोणी उभं असेल तर त्यानं काय करायचं, असा त्यांचा सरळ हिशेब होता. साडेनऊला दोनदा घंटी व्हायची. उपासनेत शांतता झाली की भिंतीपलीकडून त्यांचा आवाज ऐकू यायचा. प्रश्न विचारायचे, थोडं थांबायचे, मग "शाबास" म्हणायचे. रिकाम्या बाकांना शाबासकी देणाऱ्या माणसाची चेष्टा होणारच. मीही केली. महिन्याच्या सभेत ते उभे राहून, हजेरीची वही डोळ्यांसमोर धरून अहवाल वाचत. "चारही रविवार वर्ग टायमावर सुटला. हजर शून्य." असे सात-आठ महिने गेले. मग कमिटीनं ठरवलं की ती खोली खुर्च्या ठेवायला घ्यावी आणि मुलं येतील तेव्हा वर्ग पुन्हा सुरू करावा. मी त्यांच्याकडे पाहून विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं आहे का?" त्यांनी वहीतल्या ओळी एकदा बोटानं तपासल्या. म्हणाले, "नाई. वहीत लिवलं थे बरोबर हाये." ठराव मी लिहिला. त्यांनी घंटी सोडली, सुतळीची नीट गुंडाळी केली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

पुढच्या रविवारी ते मोठ्यांच्या उपासनेत बसले. एवढ्या वर्षांत कधी बसलेच नव्हते, त्यामुळे कधी उभं राहायचं, कधी बसायचं, कशाचा पत्ता नाही. त्यांना गाणं म्हणजे हातवाऱ्यांचं गाणं एवढंच ठाऊक. सगळे पुस्तकात तोंड घालून संथपणे गात होते. गीतात डोंगर आला आणि शेवटच्या बाकावरून दोन हात डोंगर करत वर गेले. पाऊस आला तशी बोटं थरथरत खाली आली. पुढच्या बाकांवरच्या बाया मागे वळून पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि आशीर्वाद होईपर्यंत तसेच बसून राहिले. मला फार वाईट वाटलं, पण ठराव बरोबर होता अशी मी मनाची समजूत घातली.

त्याच दुपारी मुलीचा फोन आला. एरवी मी तिला करतो, टेस्टमध्ये किती मिळाले ते विचारतो आणि ठेवतो.

"बाबा, शब्बाथ शाळा बंद केली काय?"

"मुलंच नाहीत, बाई. कोणासाठी चालवायची?"

ती म्हणाली, "मी होते ना. दर रविवारी साडेनऊला कंडक्टरकाकाजी मला फोन करत. फोन पहिल्या बाकावर ठेवत आणि पूर्ण वर्ग घेत. पहिले विचारत, रात्री डब्यात काय होतं, भाजी खाल्ली का, रूममधल्या पोरी बोलतात का. मग वचन म्हणून घेत. इथं आल्यावर सुरुवातीला मी रोज रडत होते बाबा, त्यांना माहीत आहे. आज फोन नाही आला म्हणून मीच लावला. म्हणाले, वर्ग बंद झाला बाई, आता तू अभ्यास कर."

मी तसाच त्यांच्या खोलीवर गेलो. ते बाजेवर बसून शेंगा सोलत होते. "सभेत सांगितलं का नाही?" मी जरा चिडूनच विचारलं.

"काय सांगाचं?"

"की माझी मुलगी फोनवर असते म्हणून."

"फोनवर होती, भाऊ. वर्गात नव्हती. वहीत हजर कसं लिवू? एवढ्या नोकरीत एक खोटं तिकीट नाई फाडलं."

"निदान मला तरी सांगायचं."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, नुसतं नवल होतं. "मले वाटलं, तुमचीच पोरगी हाये, तुम्हाले माहीत असन."

मी किल्ली पुढे केली, ठराव मागे घेतो म्हणालो. ते घेईनात. कमिटीनं एकदा ठरवलं म्हणजे ठरलं, उद्या एकासाठी नियम मोडला तर परवा कोण पाळणार, असं काहीबाही म्हणाले आणि मला मूठभर शेंगा दिल्या. फोन तरी करत जा म्हटलं, तर म्हणाले, "वर्ग नाई तर कोणत्या नात्यानं करू? जवान पोरगी हाये, तुमची हाये. तुम्ही करा."

आता रविवारी साडेनऊला मी उपासनेतून उठून बाहेर येतो. दाराशी शेवटच्या बाकावर ते हात मांड्यांखाली घेऊन बसलेले असतात, मी जाताना नजर वर करत नाहीत. मी कडुलिंबाखाली उभा राहून मुलीला फोन लावतो. मार्कांचं काढायचं नाही असं मनाशी ठरवलेलं असतं. डब्यात काय होतं ते विचारतो. ती सांगते. रूममधल्या पोरींचं विचारतो, ती बऱ्या आहेत म्हणते. यापुढे काय विचारायचं ते मला सुचत नाही, आणि वचन म्हणून दाखव असं म्हणायला जीभ रेटत नाही.  साडेनऊला तिला माझा फोन नको असतो, हे मला कळतं. तरी मी लावतो.